वाटची ज्वारी

लातुरात घर घ्यायला निघालेल्या माणसाला एजंट आधी बजेट विचारत नाही. तो विचारतो, "लेकरू कितवीला हाय?"

त्याचं सगळं गणित त्या उत्तरावर बसतं. लेकरू दहावीला असेल तर ट्युशन एरियातला टू बीएचके. पाचवीला असेल तर नावाजलेल्या शाळेमागची गल्ली. अजून पाळण्यात असेल तरी तीच गल्ली, कारण पुढं प्रवेशाच्या वेळी पत्ता जवळचा असलेला बरा. आमच्या एजंटानं मोटारसायकल स्टँडवर लावता लावताच हा प्रश्न टाकला. माझा नवरा हेल्मेटचा पट्टा सोडत बसला. अशा वेळी तो नेहमीच काहीतरी सोडत नाहीतर बांधत बसतो, आणि उत्तर माझ्यावर येतं.

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हणाले.

"नवीन लगीन हाय का?"

माझ्या कानशिलावरचे पांढरे केस त्याला दिसत नव्हते असं नाही. मी नाही म्हणाले. त्यानं क्षणभर गाडीच्या आरशात बघितलं आणि मग एकदम खुलला. "मग तर तुमचं लई सोपं हाय की, मॅडम. शाळा न्हाई, क्लास न्हाई, कशाची फिकीर न्हाई. कुठंबी घ्या!"

माणूस वाईट नव्हता. भाव कमी केल्यासारखं तो ते बोलला, आणि त्यातून आमचा फायदाच होणार होता. पण 'कुठंबी घ्या' हे शब्द मला असे लागले की त्यानं दाखवलेल्या पहिल्या घराचं मला आज काही म्हणजे काही आठवत नाही. ज्याला लेकरू आहे त्याला पत्ता लागतो, आणि आम्हाला कुठंही टाकलं तरी चालतं, असं मी त्यातून ऐकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तेव्हा आम्ही ट्युशन एरियातच किरायानं राहत होतो. नवऱ्याची बँक जवळ होती, माझं तहसील ऑफिसही फार लांब नव्हतं, म्हणून बरीच वर्षं तिथंच काढली. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना सांगते, तिथं घरं माणसांसाठी नसतात, परीक्षांसाठी असतात. उदगीर, देगलूर, उमरी, कुठून कुठून बाया येतात. नवऱ्याला आणि म्हाताऱ्या सासूला गावाकडं सोडून एक खोली किरायानं घ्यायची, गॅसची शेगडी मांडायची आणि दोन वर्षं पोराला डबा करून घालायचा. आमच्या जिन्यावरच अशा चार जणी होत्या. संध्याकाळी सगळ्या भाजीच्या गाड्यावर जमायच्या, आणि तिथंही पहिला प्रश्न तोच असायचा.

"तुमचं कितवीला?"

एकदा मी "बारावीला" म्हणून टाकलं. का म्हणाले कोण जाणे. हातात मेथीची जुडी होती, मागं गर्दी होती, 'आम्हाला नाही' म्हटल्यावर पडणारी ती शांतता मला त्या दिवशी नको होती. मग ती बाई प्रेमानं विचारत राहिली. कुठला क्लास, फिजिक्सला कोणते सर, रात्री दूध देता का. मी सगळ्याची उत्तरं दिली. पण लातुरात बारावीचं खोटं वर्षभरच टिकतं. निकाल लागला आणि तिनं लांबूनच हाक मारून विचारलं, "किती पडले हो?" मी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि तेव्हापासून भाजीला पलीकडच्या चौकात जायला लागले. पन्नाशीकडं झुकलेली सरकारी नोकरीतली बाई भाजीवाला बदलते, आणि तेही नसलेल्या पोराच्या मार्कांसाठी! हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

औषधं, सुया, हैदराबादच्या फेऱ्या हे सगळं त्याआधीच आम्ही बंद केलं होतं. एका फेरीनंतर परत येताना नवरा गाडीत म्हणाला, "आता बस करू." मी हो म्हणाले. त्यानंतर हातात जे राहिलं त्यातून घर घ्यायचं ठरलं.

एजंटाची अक्कल मात्र दांडगी होती. तिसऱ्या दिवशी त्यानं ट्युशन एरियातच एक दुमजली घर काढलं आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन समजावलं. "साहेब, खाली तुमी ऱ्हावा, वरच्या खोल्या पोरींना किरायानं द्या. आईबाप असलंच घर हुडकतेत. घरात लहान लेकरांचा कालवा न्हाई, टीव्ही न्हाई, निवांत माणसं. तुमच्या घराला नंबर लागतील." आम्हाला मूल नाही हेसुद्धा या गावात भांडवल होऊ शकतं, हे मला तिथं कळलं. नवऱ्याला घर मनापासून आवडलं. जिन्याखाली झोपाळा टांगायला जागा होती, नळाला पाणीही बरं होतं, आणि उद्या विकायचं झालं तर शाळा-क्लासच्या नावावर भाव कधी पडणार नव्हता.

मी नको म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, मला शांतता पाहिजे. मोकळी हवा पाहिजे. दारात दोन झाडं पाहिजेत. घर पाहावं बांधून म्हणतात, आपण निदान मनासारखं निवडू तरी.  इतक्या वर्षांत माझ्या तोंडून 'मला पाहिजे' नवऱ्यानं फार कमी वेळा ऐकलं होतं, त्यामुळं त्यानं वाद घातला नाही. ओठात शांतता होती, पण पोटात दुसरंच होतं. त्या वर्षी अक्काची पोरगी दहावीला होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर देगलूरकडच्या एका गावात आहे. कोरडवाहू जमीन, दाजी शेती बघतात आणि ही एकुलती एक मुलगी, खूप उशिरा झालेली. पोरगी हुशार आहे. सातवीत असल्यापासून गावात कुणी विचारलं की अक्का एकच सांगायची, "लातूरला मावशी हाय की तिची. मग काय पाहिजे?" गावाकडं यावर पुढं कुणी काही विचारत नाही. माय मरो पण मावशी जगो, हे आमच्याकडं नुसतं म्हणायला म्हणत नाहीत.

माझ्या सासरकडची तीन-चार पोरंही आपापल्या इयत्तेत रांग लावून होती. 'त्यांच्या घरात खाणारं कोण हाय' असं एका लग्नाच्या पंगतीत माझ्यामागं कुणीतरी बोललेलं मी ऐकलं होतं. आमचं घर म्हणजे सगळ्या भावकीचं वसतिगृह होणार, हे आमच्याआधी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मला त्याचा संताप यायचा. पण खरं सांगायचं तर संतापापेक्षा भीती जास्त होती. एक पोरगी दोन वर्षं घरात वावरणार, तिच्या वेण्या, तिचे कपडे, तिचं आजारपण, तिचं रुसणं, सगळं सवयीचं होणार, आणि मग बॅग भरून ती जाणार. त्यानंतरचं घर मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

म्हणून मी लांबचं घर घेतलं. बार्शी रोडला, रिंगरोडच्या पुढं, मुरुडच्या दिशेला. नवीन लेआउट, अर्धे प्लॉट रिकामे, जवळपास शाळा नाही, क्लास नाही, झेरॉक्सचं दुकानसुद्धा नाही. लोक शाळेच्या जवळचा पत्ता विकत घेतात, मी शाळेपासूनचं अंतर विकत घेतलं. शिवाय बेडरूम एकच मागितली. एजंटानं डोकं खाजवलं. "पाव्हणं आलं तर?" मी म्हणाले, हॉलमध्ये झोपतील. तो म्हणाला, "फाट्यावर मुरुडची एसटी थांबते, येण्याजाण्याचं टेन्शन न्हाई." मी म्हणाले, ते काही सांगू नका, आम्हाला गाडी आहे.

आता थोडं नांदेडचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढं काय झालं ते कळायचं नाही.

आमचं माहेर उमरीकडचं. गावात शाळा दहावीपर्यंतच. अक्काचं लग्न होऊन ती तेव्हा नांदेडला जुन्या मोंढ्यामागं दोन खोल्यांत राहत होती, दाजी एका अडत दुकानावर मुनीम होते. अकरावीला वडिलांनी मला तिच्याकडं ठेवलं, ते कॉलेज संपेपर्यंत. ठेवलं म्हणजे काय, वडील एक दिवस एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून आले, दाजींनी ते उतरवून घरात घेतलं, आणि विषय संपला.

आमच्याकडची रीत अशी आहे. शिकायला कुणाच्या घरी लेकरू ठेवायचं तर पैसे द्यायचे नाहीत, ते अपमानाचं. त्याच्या वाटचं धान्य त्या घरी पोचवायचं. सुगी झाली की ज्वारी, तूर, जमलं तर तूप. ठेवता का, असं विचारायचंही नाही. पोतं दारात आलं आणि घरच्यांनी उचलून आत नेलं की लेकरू ठेवलं असं समजायचं. आहेराचं धान्य वेगळं. आहेराच्या पोत्याच्या तोंडावर खण आणि नारळ ठेवतात, आणि त्याला परतीचा आहेर करावा लागतो. वाटच्या धान्यावर काही नसतं. तो लेकराचाच घास असतो, त्याची परतफेड कशी करणार?

त्या दोन खोल्यांत अक्कानं मला स्वतःच्या पोटच्या लेकीसारखं वागवलं, हे मी नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही. तेव्हा तिला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सासू गावाकडून आली की चुलीसमोर बसून ऐकवायची, "सोताचं काय न्हाई अन् बहिणीला पोसती." अक्का माझ्या ताटात अजून थोडं तूप ओतायची. कॉलेजात एकदा पालकांना बोलावलं होतं. अक्का नेसून-सवरून आली. कुणीतरी विचारलं, "तुमची लेक का?" मी हसून काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "व्हय." वयाच्या हिशेबानं ते शक्यच नव्हतं, पण ती इतक्या सहज म्हणाली की पुढं कुणी विचारलं नाही. मलाही तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

तर वास्तुशांत. उन्हाळ्याचे दिवस, दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. मांडवात पन्नासेक माणसं. देगलूरकडची जीप दारात थांबली. अक्का उतरली, दाजी उतरले आणि मागून पोरगी. तिनं मला मिठी मारली, पाया पडली आणि सरळ घरात शिरली. मी मागोमाग गेले तर ती हॉलच्या कोपऱ्यात, पूर्वेच्या खिडकीजवळ, भिंतीला वीत लावून मोजत होती.

"मावशी, हितं माझा टेबल बरोबर बसतो बघ. सकाळचा उजेडबी येतो."

"तिथं फ्रीज ठेवायचाय," मी म्हणाले.

तोवर तसं काहीही ठरलेलं नव्हतं. फ्रीज स्वयंपाकघरात होता, तिथंच चालूही होता. पोरीनं हात भिंतीवरून काढला. "बरं," म्हणाली आणि दुसरे कोपरे बघायला लागली. खिडकी असलेला तो एकच कोपरा होता.

बाहेर दाजींनी जीपमधून दोन पोती उतरवली. एक ज्वारीचं, एक तुरीच्या डाळीचं अर्धं. पोत्यांच्या तोंडाला सुतळी होती, बाकी काही नव्हतं. माझ्या चुलत सासूबाईंनी ते बघितलं आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लेकीचा वाटा आणला व्हय? बरं केलं बाई. घराला शोभा यील."

अक्का हसली. लाजल्यासारखी हसली. दाजी एक पोतं खांद्यावर घ्यायला वाकले.

मला त्या क्षणी काय झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलंय. पश्चात्ताप वगैरे नंतरचा. तेव्हा डोकं अगदी थंड होतं. मी पटकन पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं अक्का, एवढा मोठा आहेर कशाला आणलास?"

मांडवात काही थांबलं नाही. भटजींचं चालू होतं, पोरं पळत होती. पण अक्का थांबली. मी आत गेले, कपाटातून माझ्यासाठी घेतलेली, घडी न मोडलेली पैठणी काढली, तांदूळ, नारळ, कुंकवाची कोयरी घेतली, अक्काला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरून ती साडी तिच्या मांडीवर ठेवली. आहेराला परतीचा आहेर. चार बायांच्या देखत हिशेब मिटला.

अक्कानं साडीवरून हात फिरवला. पदर उलटून बघितला. "लई भारी हाय ग," म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते तिलाच माहीत, पण तिनं एका शब्दानं विचारलं नाही. दुपारी जेवण होताच देगलूर लांब पडतं म्हणून ती निघाली. जाताना पोरीनं खिडकीकडं एकदाही परत बघितलं नाही, हे मी बघितलं.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी गुपचूप फ्रीज खिडकीपाशी सरकवायला मदत केली. "फ्रीज उन्हात कोण ठेवतं?" एवढंच म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. तो काही बोलला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्यानं ती सोय मला दिली नाही.

पोरीला चांगले मार्क पडले. मी फोन केला, पेढ्यांचं बोलले, आणि न विचारताच सांगायला लागले की आमचं घर क्लासेसपासून किती लांब आहे, रिक्षा येत नाही, रस्त्याला लाइट नाही, पोरीच्या जातीला हे बरं नव्हे. अक्का ऐकून घेत होती. "व्हय, लांब हाय," म्हणाली. जुलैत तीच लातूरला येऊन पोरीला ट्युशन एरियातल्या मुलींच्या होस्टेलवर ठेवून गेली. आमच्या घरी आली नाही. ती येऊन गेली हे मला नंतर दाजींच्या बोलण्यातून कळलं. ज्या गल्लीत आम्ही किरायानं राहत होतो, तिच्या शेजारच्याच गल्लीत ते होस्टेल होतं.

दोन पोती घरात तशीच उभी होती. ज्वारी पांढरी, टपोरी, काढणीच्या वासाची. काही दिवस मी दुकानातून गव्हाचं पीठ आणलं. पण नवऱ्याला भाकरी लागते, आणि धान्य किडू देणं आमच्या हाडात नाही. मग मी ज्वारी दळून आणली. पहिल्या भाकरीचं पीठ मी परातीत काढलं, परत डब्यात ओतलं, पुन्हा काढलं. तुम्ही म्हणाल, बाई नाटकं करते. असू दे. ज्यानं लेकराच्या वाटचा घास लेकराविना खाल्लाय त्यालाच ते कळेल.

गणपती झाल्यानंतर एका रविवारी दारात पोरगी उभी. मी दचकलेच.

"कशी आलीस ग?"

"मुरुडच्या एसटीनं. फाट्यावर उतरले अन् चालत आले. लई जवळ हाय की मावशी. हॉस्टेलच्या पोरी तर ह्याच्याहून लांबून क्लासला येतेत."

ती हे टोचायला म्हणाली नाही. तिला आनंद झाला होता, मावशी जवळ निघाली म्हणून. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी वाजवली. पिठलं केलं, भाकरी केली, तिच्या ताटात तूप ओतलं. पहिला घास तोंडात टाकला आणि तिनं मान वर केली.

"ही आमच्या रानातली ज्वारी हाय ना?"

"हो."

"मला वाटलंच. मेसच्या भाकरीला अशी चवच न्हाई." तिनं तीन भाकरी खाल्ल्या. काकांशी क्रिकेटवर भांडली. ताट उचललं, घासलं आणि पालथं घातलं. पदराला हात पुसायची सवय नसलेल्या पोरी टॉवेल शोधतात, तसा तिनं तो फ्रीजच्या दांडीवर शोधला, खिडकीपाशी. मग तिथंच उभी राहून बाहेर बघत म्हणाली, "आई म्हणायची, तुझी मावशी लई एकटी पडली. तू तिथं ऱ्हायलीस म्हणजे तिचं घर भरल्यासारखं होईल. मला नांदेडला तीच होती म्हणून माझे ते दिवस निघाले, असं म्हणायची."

 आजवर मला वाटत होतं की अक्का माझ्याकडं लेक सोपवून स्वतःची सोय बघतेय. ती तर मला तिची लेक द्यायला आली होती. जे तिला माझ्या रूपानं मिळालं होतं, तेच मला देत होती, आणि मी भर मांडवात तिला साडी देऊन परत पाठवलं. अक्कानं माझी कीव केली म्हणून थोडा राग यायला हवा होता, माझा स्वभाव तसा आहे. आला नाही. नुसती लाज वाटली, अशी की त्या पोरीच्या नजरेला नजर देता येईना.

"जमलं तर येत जा रविवारी," एवढंच म्हणाले. ती येत राहिली. कधी दोन आठवड्यांनी, कधी महिन्यानं. पाहुणी येते तशी, येताना होस्टेलबाहेरच्या गाड्यावरून केळी घेऊन.

होळीच्या सुमारास मी एकटीनं जोर लावून फ्रीज परत स्वयंपाकघरात नेला. खिडकीचा कोपरा झाडला, पुसला. टेबल कुठलं घ्यायचं ते दुकानात जाऊन बघून ठेवलं. नवरा संध्याकाळी आला, त्यानं मोकळा कोपरा पाहिला, आणि चप्पल काढता काढता बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "फोन कर."

मी अक्काला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "नवीन ज्वारी निघाली असेल ना?"

"निघाली की. औंदा लई चांगली पडली."

"मग पोरीच्या वाटची इकडं पाठवून दे, अक्का. तिला म्हणावं सामान घेऊन ये. मी जागा केलीय. फ्रीज हलवलाय."

 पलीकडं गुरांची घंटा वाजत होती. मग अक्का बोलली, अगदी मऊ आवाजात, लहानपणी मला ताप आला की बोलायची तशी.

"तिच्या वाटची मेसवाल्या बाईकडं टाकली ग माय, परवाच. बाई लई चांगली हाय. पोरगी आजारी पडली होती तवा तीच उशाला बसली. आता बारावीचं साल, मधीच कुठं हलवायची तिला." मग म्हणाली, "तुलाबी धाडते की मी. दोघांना किती लागतंय?"

पोरगी आजारी पडली होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

आठवड्यानं मुरुडच्या एसटीचा कंडक्टर फाट्यावर एक कापडी पिशवी देऊन गेला. नवरा ती घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली. ज्वारी तीच, पांढरी, टपोरी. पिशवीच्या तोंडाशी, नीट घडी घातलेला हिरवा खण आणि वर नारळ होता.

"कसली ग?" त्यानं विचारलं.

"आहेराची," मी म्हणाले.